नागपुरात गिझर, सोलर की गॅस: नवीन बसवताना खर्च नेमका कशानं वाढतो

नागपूरच्या कडेला बेसाला मावशी घर बांधून राहिली आहे. स्लॅब झाला, प्लास्टर झालं, आता बाथरूमच्या टाइल्स लागायच्या आहेत आणि प्लंबर रोज तेच विचारतो, ताई गरम पाण्याचं काय ठरलं ते सांगा, नाही तर मी भिंत बंद करून टाकतो. मावशीचा मला फोन, की बाबू तू दोनदा हे सगळं केलं आहेस, गिझर लावू, सोलर लावू का तो गॅसवाला, आणि एकूण किती लागतील. तिला फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं तेच इथं एकत्र लिहितो, कारण दुकानात गेलं की फक्त मशीनचा भाव कळतो, नळाला गरम पाणी येईपर्यंत किती लागतील हे कोणी सांगत नाही, आणि माझ्या दोन्ही वेळच्या अनुभवात मशीनपेक्षा घरच जास्त पैसे खातं.

आधी मशीनचे भाव सांगून टाकतो. मागच्या पंधरवड्यात सीताबर्डीत फिरून आलो तेव्हा १५ लिटरचा फाइव्ह स्टार गिझर ७ ते ११ हजार, २५ लिटरचा ९ ते १४ हजार, ३ लिटरचा इन्स्टंट ३ ते ४ हजार आणि गॅस गिझर ५ ते ८ हजार असे भाव सांगितले. सोलर, काचेच्या ट्यूबवालं, २०० लिटरचं ३० ते ४० हजार. सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे, इलेक्ट्रिक गिझरवर १८ टक्केच आहे, त्यामुळे जुनं कोटेशन कोणी हातात ठेवत असेल तर टॅक्सची ओळ नीट वाचा.

मावशीकडे माणसं चार, बाथरूम दोन, आणि सगळे बादलीनं अंघोळ करणारे. इथं लोक उगाच मोठा गिझर घेतात. १५ लिटरच्या टाकीत पाणी ६० डिग्रीला गेलं आणि थंडीतलं १८ डिग्रीचं पाणी त्यात मिसळलं तर अंघोळीजोगं ४० डिग्रीचं पाणी साधारण २८ लिटर होतं, म्हणजे दीड बादली. मग पुन्हा तापायला २००० वॉटला वीसबावीस मिनिटं. बादलीवाल्या घरात १५ लिटर पुरतो, शॉवर असेल तर २५ घ्या. इन्स्टंट स्वस्त आहे पण तो ३००० वॉटचा असतो आणि जानेवारीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी देतो, बादली भरायला दहा मिनिटं, तो किचनच्या सिंकलाच ठीक.

आता इलेक्ट्रिकचा लपलेला खर्च. महालातल्या आमच्या जुन्या घरी मी पहिला गिझर लावला तेव्हा ७२०० चा गिझर आणला आणि वाटलं काम झालं, इलेक्ट्रिशियननं आहे त्याच बोर्डावर सॉकेट बदलून दिलं आणि गेला. आठव्या-नवव्या दिवशी सकाळी बाथरूमबाहेर जळका वास, बघतो तर स्विचची पांढरी प्लेट एका कोपऱ्यात पिवळी पडून फुगलेली, आत वायरचं रबर मऊ होऊन तांब्याला चिकटलेलं. २००० वॉट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, आणि ती वायर दिवे-पंख्यांसाठी टाकलेली, एका स्क्वेअर एमएमची. मग मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन ओढली, वेगळा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, लावला, अर्थिंग नव्हतंच ते नवीन केलं, करंट कुठं गळला तर लाइन तोडणारा आरसीसीबी बसवला, भिंत फोडली, पुन्हा बुजवली, एकूण ६५०० गेले. गिझरच्या किमतीएवढेच. महाल, इतवारी, जुन्या शुक्रवारीतल्या जुन्या घरांमध्ये राहणाऱ्यांनी हा खर्च धरूनच चालावं, आणि अर्थिंगमध्ये कृपा करून पैसे वाचवू नका, ओल्या अंगानं आपण त्या नळाला हात लावतो. नवीन बांधकामात हेच काम एका पॉइंटला दोन-अडीच हजारात होतं, कारण भिंत उघडीच असते. तीन हजार वॉटचं काही लावणार असाल तर चार स्क्वेअर एमएमची वायर टाका.

दुसरं म्हणजे पाणी. महानगरपालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी येतं तिथं फारसा त्रास नाही, पण बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडच्या बऱ्याच लेआउटमध्ये बोअरवेलवरच घर चालतं आणि ते पाणी जड. माझा मनीषनगरचा गिझर चौथ्या वर्षी तापायला खूप वेळ घ्यायला लागला म्हणून मिस्त्रीनं खोलला, तर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर बोटभर जाडीची पांढरी खपली, स्क्रूड्रायव्हरनं टोचलं की चुन्यासारखे पापुद्रे पडत होते आणि घमेल्यात अर्धा किलो तरी निघाले असतील. आतला मॅग्नेशियमचा रॉड, जो टाकीऐवजी स्वतः झिजतो, तो खाऊन नुसती तार उरलेली. तो रॉड काही शेकड्यात मिळतो आणि वेळेवर बदलला तर टाकी वाचते, हे मला विकताना कोणी सांगितलं नव्हतं. बोअरवालं घर असेल तर काचेचं कोटिंग असलेली टाकी घ्या, दीड-दोन हजार जास्त गेले तरी चालेल, आणि वर्षाला सर्व्हिसचे पैसे खर्चात धरा.

सोलरकडे येऊ. इथं मशीन ३५ हजार म्हटलं की काम ५५-६० वर जातं, आणि का जातं ते गच्चीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. साध्या सोलरमध्ये पाणी उंचीच्या जोरावर वाहतं, त्यामुळे थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर पाहिजे. ज्याची पाण्याची टाकी स्लॅबवरच ठेवलेली आहे त्याला एक तर सात फुटाचा स्टँड करावा लागतो नाही तर छोटी वेगळी टाकी. माझ्याकडे लावणाऱ्यानं स्टँड चार फुटाचाच केला, म्हणे चालते, आणि थंडीत टाकी अर्ध्यावर आली की गरम पाण्याचा नळ नुसता सूं सूं करायचा. सहा महिन्यांनी सगळं उतरवून स्टँड वाढवला, वेल्डिंग, मजुरी, पाइप पुन्हा, नऊ हजार जास्तीचे. २०० लिटरचं सिस्टिम भरल्यावर टाकी आणि ट्यूब मिळून अडीचशे किलोच्या वर जातं, ते बीमवर येईल असं बसवा. तोंड दक्षिणेला, आणि दुपारी कोणाच्या टाकीची किंवा शेजारच्या मजल्याची सावली पडत नाही हे डिसेंबरात बघा, तेव्हा सूर्य खाली असतो.

मग पाइप. गरम पाण्याला साधा पीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसी लागतो, वरून इन्सुलेशन, आणि खरा प्रश्न लांबीचा. सीपीव्हीसीच्या पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, एक इंचीत चारशे मिलिलिटरच्या वर. मावशीच्या गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत मोजले तर १८ मीटर झाले. म्हणजे पाऊण इंचीत रोज सकाळी पहिल्यांदा पाच लिटर थंड पाणी येणार, एक इंचीत आठ लिटर, आणि प्लंबर एक इंची टाकायच्या तयारीत होता कारण प्रेशर बरं येतं. दर वेळी पाव ते अर्धी बादली सांडायची, तीही बोअरच्या गावात! मी तिला सांगितलं, पाऊण इंचीच टाक आणि दोन्ही बाथरूम एकावर एक आहेत तर एकाच शाफ्टमधून उतरव. हा निर्णय टाइल्स लागायच्या आधीचा आहे, नंतर घेतला तर पाइप बाहेरून लोंबतात नाही तर टाइल्स फोडाव्या लागतात.

ट्यूबवालं घ्यावं का तांब्याच्या पत्र्याचं फ्लॅट प्लेट? फ्लॅट प्लेट मजबूत, माकडांनी उडी मारली तर ट्यूबसारखी फटकन फुटत नाही, पण महाग पडतं आणि बारीक तांब्याच्या नळ्यांमध्ये जड पाण्याचा क्षार अडकला की साफ करणं कठीण. बोअरवाल्यांना मी ट्यूबच सांगेन, एखादी फुटली तर एकच बदलता येते. फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट लक्षात ठेवून दोन-चार ट्यूब जास्तीच्या घेऊन ठेवल्या तर बरं. एक काळजी मात्र घ्या, रिकाम्या ट्यूब उन्हात तापलेल्या असताना दुपारी पाणी सोडायचं नाही, तडा जातो, पहाटे किंवा संध्याकाळी भरायचं. घरात प्रेशर पंप लावणार असाल तर साधं सोलर चालत नाही, प्रेशराइज्ड घ्यावं लागतं आणि किंमत चांगलीच चढते, तेव्हा पंपाचं आधी ठरवा.

आता पैसे वसूल व्हायचा हिशोब, आणि इथं नागपूरचं हवामान मधे येतं. चार माणसांना थंडीत रोज साडेतीन-चार युनिट लागतात. महावितरणचा दर टप्प्यानं चढतो, गिझरचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन पडतात, म्हणून मी १२ रुपये धरतो, म्हणजे दिवसाला ४८ रुपयांपर्यंत, महिन्याला चौदाशे. पण नागपुरात मार्च अर्धा झाला की गरम पाणी कोण मागतं, मे महिन्यात तर टाकीचंच पाणी चटके देतं. ऊन भरपूर तेव्हा गरज नाही, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत गरज थोडी असते तर ऊन नाही. थंडीत आकाश स्वच्छ असतं म्हणून तेव्हा सोलर खरंच छान चालतं, सकाळी सहाला हात भाजेल असं पाणी येतं. सगळं मिळून वर्षाला सहा-सात हजार वाचतात. पावसाळ्यासाठी एक गिझर ठेवावाच लागतो, तो धरून दोन गिझरवाल्या घरापेक्षा सोलरवाल्या घराला सुरुवातीला ४०-४५ हजार जास्त जातात. म्हणजे सहा-सात वर्षं. पुण्यात बाराही महिने गरम पाणी लागतं, तिथले लोक तीन-चार वर्षांत वसूल म्हणतात ते इथं लागू होत नाही. उन्हाळ्यात ट्यूब झाकून ठेवायच्या, नाही तर पाणी उकळून एअर व्हेंटमधून वाफ जाते.

गॅस गिझर चालवायला इलेक्ट्रिकपेक्षा खूप स्वस्त, हे खरं आहे. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर त्याच चार अंघोळींना दिवसाला १९-२० रुपये पडतात, दीड महिना सिलिंडर जातो. लावायलाही स्वस्त. पण तो बाथरूमच्या आत लावायचा असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे, कितीही हजार वाचत असले तरी. बंद खोलीत ज्योत ऑक्सिजन खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस नुसता गळून पडतो आणि कडी आतून लावलेली असते. थंडीत आपण खिडकीही लावून घेतो. मशीन बाल्कनीत किंवा बाहेरच्या डक्टच्या मोकळ्या भिंतीवर, सिलिंडरही बाहेर, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत, असं जमत असेल तरच घ्या, आणि हे जमवायला पाइप आणि पावसापासून झाकणाचे तीन-चार हजार लागले तर ते लागू द्या. बाल्कनी नसलेल्या घरानं हा विषय सोडून द्यावा.

हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारी मशीन, चांगली वस्तू आहे, एका युनिटमध्ये तीन युनिटांएवढी उष्णता देतो आणि आपल्याकडची हवा त्याला मानवते, पण चार माणसांच्या घराला लाखाच्या आसपासची मशीन चार महिन्यांसाठी मला पटत नाही. ज्यांनी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून गच्चीवर वीज बनवणारे पॅनल लावले आहेत, तीन किलोवॉटला ७८ हजार सबसिडी घेऊन, त्यांनी वेगळं सोलर गिझर करून गच्ची अडवू नये, साधा इलेक्ट्रिक गिझरच लावावा, उन्हाळ्यात बनलेली वीज नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करण्यात, कामी येते. फ्लॅटवाल्यांचंही तसंच, गच्ची सोसायटीची आणि पाइप पाच मजले, तिथं चांगला स्टार रेटिंगवाला गिझर आणि नीट वायरिंग.

मावशीचं शेवटी असं ठरलं: दोन्ही बाथरूमला १५ लिटरचे दोन गिझर, वेगळी लाइन आणि अर्थिंगसह. सोलर आत्ता नाही, पण गच्चीपासून शाफ्टमधून पाऊण इंची सीपीव्हीसी आत्ताच उतरवून दोन्ही बाजूंनी बूच लावून ठेवायचा, पाइप-मजुरी मिळून साडेचार हजार, आणि पाण्याच्या टाकीचा स्टँड सुरुवातीलाच सात फुटाचा. कोटेशन घेताना तिला हे लिहून घ्यायला सांगितलं आहे: पाइपचे मीटर आणि मीटरचा भाव, इन्सुलेशन त्यात आहे की नाही, वायरची साइझ, एमसीबी-आरसीसीबीची नावं, स्टँडची उंची, भिंत फोडून बुजवायचं काम कोणाकडे, आणि टाकी व एलिमेंटची वॉरंटी बोअरच्या पाण्याला लागू आहे का. या शेवटच्या ओळीवर दोन दुकानदार गप्प बसले, तिसऱ्यानं वॉरंटी कार्ड उघडून दाखवलं, तिथूनच ती घेऊन राहिली आहे.