लेगोचा ढीग लावायचा कसा: रंगाने, आकाराने की संचाने?

तुम्हाला हवी असते लेगोची एक चिमुकली प्लेट, म्हणजे चपटा तुकडा. १×२ मापाची, पण वर दोन बटणांऐवजी मधोमध एकच असलेली. ती डब्यात आहे हे पक्कं माहीत असतं, कारण परवाच हाताला लागली होती. दहा मिनिटं चिवडाचिवड होते, खळखळाटाने घरचे वैतागतात, आणि ती सापडते नेमकी तिचा नाद सोडून तुम्ही चाकं शोधायला लागल्यावर. हे आठवड्यातून दोनदा घडायला लागलं की ठोकळे निवडून लावायची वेळ आली असं समजायचं.

हजारभर तुकडे असतील तर मात्र काहीही निवडू नका. एक पसरट डबा आणि खाली अंथरायला जुनी चादर पुरते. खेळ संपला की चादरीची चार टोकं उचलायची, सगळं परत डब्यात. खरी अडचण पाच-सहा हजारांच्या पुढे सुरू होते. आपल्याकडे किती आहेत याचा अंदाज वजनकाट्यावर येतो. नेहमीचा २×४ ठोकळा साधारण सव्वादोन-अडीच ग्रॅमचा असतो, म्हणजे नुसते तेच असते तर किलोत चारशेच्या आसपास बसतील. प्रत्यक्षात ढिगात बारीक सामान जास्त, त्यामुळे आकडा बराच वर जातो.

आणि हा ढीग आपोआप कमी होत नाही. २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगो कंपनीने ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यावर आजचा ठोकळा अजूनही बसतो. जुनं झालं म्हणून बाद झालं, असं इथे होत नाही. एका पिढीचा डबा पुढच्या पिढीच्या डब्यात रिकामा होतो, आणि मग निवडायचं कसं यावर घरात दोन पक्ष पडतात.

रंग की आकार

पहिल्यांदा निवडायला बसलेला माणूस बहुतेक वेळा रंगानेच लावतो. मीही तेच केलं. एक अख्खी सुट्टी त्यात गेली. अकरा डबे फळीवर ओळीने लागले तेव्हा इतके देखणे दिसत होते की दोन दिवस मी नुसता बघतच राहिलो. तिसऱ्या दिवशी काळ्या डब्यात हात घातला आणि लक्षात आलं, की आपण एका मोठ्या ढिगाचे अकरा छोटे ढीग केलेत आणि त्यातला हा सगळ्यात वाईट आहे. काळ्यावर पडलेली सावलीही काळीच. कडा दिसत नाहीत, बटणं मोजता येत नाहीत, प्रत्येक तुकडा उचलून उजेडात धरावा लागतो.

मिश्र ढिगात लाल तुकडे शोधावे लागत नाहीत, ते आपसूक नजरेत भरतात. नुसत्या लालच्या ढिगात मात्र १×३ ची प्लेट कुठली आणि १×४ ची कुठली, हे एकेक करून बघावं लागतं. त्यात उंचीची भानगड आहेच. नेहमीचा ठोकळा ९.६ मिमी उंच, प्लेट त्याच्या बरोबर तिसरा हिस्सा, ३.२ मिमी. पण डब्यात वरून पाहिलं की २×४ चा ठोकळा आणि २×४ ची प्लेट यांच्यावर तीच आठ बटणं. रंग डोळा फुकटात ओळखतो, आकार ओळखायला त्याला कष्ट पडतात. मग डब्याने कुठलं काम अंगावर घ्यावं? जे डोळ्याला जड जातं ते. म्हणून माझा कौल आकाराला आहे, आणि ढीग जितका मोठा तितका तो अधिक ठाम आहे.

राखाडीचाही एक फटका आहे. २००४ च्या सुमारास लेगोने राखाडीच्या फिकट आणि गडद अशा दोन्ही छटा बदलून थोड्या निळसर केल्या. तुमच्या ढिगात जुनं-नवं मिसळलेलं असेल तर रंगाने लावताना राखाडीचे दोन नाही, चार डबे करावे लागतात. शिवाय दिव्याच्या पिवळ्या उजेडात या छटा ओळखता ओळखता डोळ्यांत पाणी येतं. आकाराने लावणाऱ्याला हा वाद उभाच राहत नाही. भिंत बांधायच्या वेळी त्या एका डब्यातून जुळत्या छटा वेचल्या की झालं.

रंगाची बाजू अगदीच लंगडी नाही. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल आणि आवराआवर त्यानेच करायची असेल, तर ‘लाल लालमध्ये टाक’ हे त्याला लगेच कळतं. ‘उतरते ठोकळे इकडे, उलटे उतरते तिकडे’ असं सांगून बघा, सगळं पलंगाखाली जाईल. तुम्ही ठोकळ्यांची चित्रं करत असाल, म्हणजे सपाट पाटीवर बटणं नसलेल्या गुळगुळीत शेकडो १×१ टाइल लावून चेहरे वगैरे उठवत असाल, तर रंगाशिवाय गत्यंतर नाही. तिथे आकार एकच असतो आणि सगळा खेळ छटांचा. आणि एक कबूल करायला हवं: रंगाने लावलेलं परत ठेवणं फार झटपट होतं. मोडलेल्या मॉडेलचे दोनशे तुकडे रंगाने वाटायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट आकाराने वाटायला लागतो. पद्धत ठरवताना सगळे शोधण्याचा विचार करतात, परत ठेवण्याचा कुणी करत नाही. बहुतेक नीट लावलेले ढीग महिन्याभरात विस्कटतात ते या पायी.

टेक्निकचं, म्हणजे पिना, दांडे आणि गिअर असलेल्या लेगोच्या यांत्रिक संचांचं, सामान मात्र या वादात ओढू नका. तिथे रंग कामाची खूण सांगतो. नेहमीची काळी पिन घट्ट बसते, तशीच दिसणारी फिकट रंगाची पिन सैल फिरते. दांड्यांतही बऱ्याच वर्षांच्या संचांत सम लांबीचे काळे आणि विषम लांबीचे राखाडी असा संकेत दिसतो. तेव्हा पिना रंगाने, दांडे लांबीने, गिअर सगळे एकत्र. एवढं केलं की टेक्निकचा प्रश्न मिटतो.

आकाराने म्हणजे किती बारीक?

इथे लोक घाबरतात. लेगोचे आकार हजारोंनी आहेत, मग काय हजार खण करायचे? तसं करायला गेलात तर पहिल्या आठवड्यातच हात टेकाल. सुरुवात आठ-दहा कुळांनी करा: साधे ठोकळे, प्लेट, वर बटणं नसलेल्या गुळगुळीत टाइल, उतरते, गोल आणि कमानी, दारं-खिडक्या, चाकं, बिजागऱ्या आणि आडवी बटणं असलेले तुकडे, टेक्निक, माणसं आणि त्यांच्या टोप्या-तलवारी. यात न बसणारं जे उरेल त्याला ‘किडुकमिडुक’ म्हणा आणि पुढे चला.

मग एखादा डबा भरून वाहायला लागला, की फक्त तोच फोडायचा. सहसा पहिला नंबर प्लेटचा लागतो. एक बटण रुंदीच्या वेगळ्या, दोन बटणं रुंदीच्या वेगळ्या, त्याहून मोठ्या वेगळ्या. कमानींचा डबा कदाचित कधीच फोडावा लागणार नाही, आणि नाही लागला तर उत्तमच. पंधरा-वीस हजारांच्या पुढे गेलेल्यांनी एखाद्या आकाराचे तुकडे शेकड्यांनी जमल्यावर त्या एका डब्यात रंगाच्या पिशव्या कराव्यात. म्हणजे रंग येतो, पण दुसऱ्या पायरीवर.

निवडायला बसाल तेव्हा एकाच फेरीत सगळं करू नका. आधी ड्युप्लोचे, म्हणजे लहान मुलांसाठीचे मोठे लेगो ठोकळे बाजूला काढा. ते लांबी, रुंदी, उंची सगळ्यात दुप्पट असतात, चटकन दिसतात. मग मोठे पत्रे, चाकं, माणसं. त्यानंतर मोठ्या भोकांच्या जाळीतून उरलेलं चाळलं तर खाली बारीक सामान पडतं आणि वर कुळांत वाटण्याजोगं राहतं. बारीक सामानाला वेगळ्या दिवशी हात घाला. दमलेल्या डोळ्यांना १×१ ची गोल प्लेट आणि १×१ ची गोल टाइल सारखीच दिसते.

संचाने ठेवणं

पुस्तिकेत दाखवलेलंच मॉडेल जे पुन्हा पुन्हा बांधतात, किंवा ज्यांना पुढेमागे संच विकायचे आहेत, त्यांनी दुसरं काही करू नये. प्रत्येक संच झिपच्या पिशवीत, आत पुस्तिका, वर संचाचा क्रमांक. स्वतःच्या मनाने बांधणाऱ्याला ही पद्धत निरुपयोगी आहे, आणि मुलं असलेल्या घरात ती फार दिवस टिकतही नाही. दोन संच एकमेकांत मिसळले तर क्रमांक टाकून तुकड्यांची यादी ब्रिकलिंक किंवा रिब्रिकेबल या संकेतस्थळांवर मिळते. ब्रिकलिंक २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतलं. यादी मिळाली तरी वेचायचं हातानेच असतं, हे लक्षात ठेवून पिशव्या बंद ठेवा.

डबे, खण, पिशव्या

पद्धत ठरल्याशिवाय डबे घेऊ नयेत. माझ्या माळ्यावर चार खोल, सुंदर, झाकणाचे डबे रिकामे पडून आहेत, कारण खोल डब्यात तळाशी गेलेला तुकडा म्हणजे हरवलेला तुकडा. ठोकळ्यांना खोली नको, पसारा हवा. हात घातल्यावर तळ दिसेल एवढाच थर असावा.

छोट्या पारदर्शक खणांचं कपाट, स्क्रू-खिळ्यांसाठी मिळतं तसलं, बारीक सामानाला अगदी चपखल बसतं. खण ओढला, टेबलावर ठेवला, काम झालं की परत सरकवला. पण दोन गोष्टी आधी मोजून बघा. एक, खणाची आतली लांबी. बटणाबटणातलं अंतर ८ मिमी असतं, म्हणजे १६ बटणांची प्लेट १२८ मिमी लांब; पुष्कळ छोट्या खणांत ती तिरकीसुद्धा मावत नाही. दोन, खणाला मागे अडकण आहे का. नसेल तर जोरात ओढलेला खण हातात येतो आणि आतला माल जमिनीवर. हे एकदा झालं की पुढे आपण खण फार प्रेमाने ओढायला शिकतो. शिवाय कपाट भिंतीला नीट टेकवा किंवा ठोकून बसवा. भरल्यावर त्याचं वजन चांगलंच होतं.

कप्प्यांच्या झाकणवाल्या पेट्या, मासेमारीच्या गळांसाठी असतात तशा, प्रवासाला आणि माणसांच्या सामानाला चांगल्या. मात्र काही पेट्यांत झाकण आणि कप्प्याच्या भिंती यांत फट राहते. अशी पेटी उभी धरली की तुमची आठवड्याची मेहनत एका कोपऱ्यात गोळा होते. विकत घेण्याआधी दुकानातच दोन बारीक मणी आत टाकून पेटी उलटी करून बघावी. दुकानदार बघत राहील, बघू दे.

झिपच्या पिशव्या सगळ्यात स्वस्त आणि जागा सगळ्यात कमी खाणाऱ्या. पण प्रत्येक वेळी उघडा, चिमटीने काढा, बंद करा, यात बांधण्याची लय तुटते. रोज न लागणाऱ्या मालासाठी पिशव्या, रोजच्यासाठी उघडे खण. माझ्याकडे आता पिशव्या पसरट डब्यांत उभ्या लावलेल्या आहेत, फायलींसारख्या, आणि हे मला चारही प्रकारांत सगळ्यात सोयीचं वाटलं.

कुठलाही डबा असो, खिडकीसमोर ठेवू नका. उन्हाने पांढरे, फिकट राखाडी आणि निळे तुकडे पिवळट पडतात. स्टिकर लावलेले तुकडे धुवायच्या ढिगात टाकू नका, बाकीचे धुताना पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नको. रबरी पट्ट्या वेगळ्या पिशवीत. जुन्या झाल्या की चिकट होऊन शेजाऱ्याला धरतात. पारदर्शक काचा इतर सामानात घासून धुरकट होतात, त्यांना स्वतंत्र पिशवी द्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक मालाचे खण त्याच्या हाताच्या वर, यात तडजोड नाही.

डब्यावर नाव काय लिहायचं हाही एक वाद. साच्याचा क्रमांक बऱ्याच तुकड्यांच्या पोटात बारीक अक्षरांत असतो: २×४ चा ठोकळा ३००१, २×२ चा ३००३, १×२ ची प्लेट ३०२३. क्रमांक लिहिले तर ऑनलाइन शोधताना सोपं जातं, पण घरातल्या इतरांना त्यातलं काही कळत नाही. मी क्रमांक लिहितो आणि शेजारी तोच एक तुकडा दुहेरी चिकटपट्टीने लावतो. एखादा तुकडा काय आहे हेच कळत नसेल तर ब्रिकॉग्नाइज या फोटोवरून तुकडे ओळखणाऱ्या ऑनलाइन साधनाला त्याचा फोटो दाखवला की नाव आणि क्रमांक कळतो.

शेवटचा डबा न निवडलेल्यांचा. तो हवाच, कारण रात्री अकरा वाजता मोडलेली गाडी कुणी खणांत वाटत बसत नाही. त्याचा आकार मात्र जाणून-बुजून लहान ठेवा, बुटांच्या खोक्याएवढा. भरला की नवीन काही बांधायला घ्यायच्या आधी तो रिकामा करायचा. आमच्याकडे या खोक्याची जागा मध्यंतरी एका मोठ्या टोपलीने घेतली होती, आणि तीन महिन्यांनी एका बटणाची ती प्लेट पुन्हा त्या टोपलीच्या तळाशीच सापडली.