सोळा तास उपाशी की ताटात मोजून?

पोट कमी करायचं ठरलं की सोलापुरात हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. एक, दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खा, बाकी सोळा तास पाणी आणि कोरा चहा. दुसरा, नेहमीच्या वेळी जेवा, पण मोजून.

आधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80 सेंमी ही आपल्याकडची धोक्याची रेघ. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, 25 झाला की भारतीयांत लठ्ठपणाच धरतात. 30 होईपर्यंत थांबू नका, कारण पोटावरच्या चरबीमुळे आपल्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो.

वजन कशानं जास्त उतरतं? चीनमध्ये ग्वांगझूला 139 लठ्ठ लोकांवर वर्षभर चाललेला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटाला वर आठ तासांची मुदत घातली. मुदतवाल्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, दुसऱ्यांचं 6.3. हा फरक निर्णायक ठरला नाही. म्हणजे घड्याळामुळे खाणं कमी झालं, तरच घड्याळाचा उपयोग.

तो उपयोग कुणाला? रात्री दहाला दुकान बंद करून जेवणाऱ्याला आणि वर फरसाण खाणाऱ्याला. ‘आठनंतर काही नाही’ हा एकच नियम त्याला मोजामापापेक्षा सोपा जातो. बिघडतं ते दुपारी बाराला. भुकेल्या पोटी कडक भाकरी समोर आली की चार कधी संपल्या कळत नाही. ती पातळ आणि कोरडी, म्हणून हलकी वाटते. पण वाळताना फक्त पाणी उडतं, पीठ तेवढंच राहतं. 50 ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे साधारण 170 कॅलरी, मऊ असो वा कडक. शेंगाचटणी 25 ग्रॅम घेतली की आणखी सव्वाशे, वर चमचाभर तेल ओतलं की 45. ज्वारी चांगलीच, पण नुसतं गव्हाऐवजी ज्वारी केल्यानं वजन उतरत नाही.

मोजून खाणाऱ्यानं 50 ग्रॅम पीठ एकदा काट्यावर तोलून गोळ्याचा अंदाज हाताला बसवावा. दोन भाकऱ्या, मोठी वाटी मटकीची घट्ट उसळ, काकडी, ताक. चटणी चहाचा एक सपाट चमचा, तेलाऐवजी दह्यात कालवून. कंटाळा येतो, हे खरं. पण पाहुणे, लग्नकार्य, रात्रपाळी यांतही हे निभावतं.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोळा तासांच्या वाटेला जाऊच नका. उपाशीपोटी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारताना दरदरून घाम, थरथर, भोवळ आली, तर रक्तातली साखर 70 च्या खाली गेलेली असू शकते. थांबा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी तपासा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वाढत्या वयाची मुलं यांनीही हा उपवास करू नये.

वाट कुठलीही धरा, स्नायू घटू देऊ नका. आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीवरून हात न टेकता उठाबस, दहाच्या तीन फेऱ्या.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू नाही आणि रात्रीचं खाणं हाच रोग असेल, तर आधी बारा तासांची मुदत घाला, सकाळी आठ ते रात्री आठ. बाकीच्यांनी मोजूनच खावं. चार आठवड्यांनी टेप लावा. कंबर तेवढीच असेल, तर रात्रीची एक भाकरी कमी करा.