आमच्या धर्मग्रामाची रुग्णसेवा: पाच महिन्यांचा अनुभव

माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे मे महिन्यात समजले आणि ऑक्टोबरमध्ये ते गेले. या पाच महिन्यांत वसईच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती समाजातील) रुग्णसेवा गटाची जी मदत झाली, तिच्याविषयी, ज्यांच्या घरी असे आजारपण चालू आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे. सेवा विनामूल्य आहे, परंतु म्हणून तिच्यातील उणिवा झाकून ठेवाव्यात असे मला वाटत नाही.

मदतीसाठी अर्ज करावा लागत नाही. रविवारच्या मिस्सानंतर (सामुदायिक उपासनेनंतर) चर्चच्या कार्यालयात सांगितले की पुरते. दुसऱ्याच दिवशी दोघे जण टेम्पोतून डोक्याची बाजू उचलता येणारी लोखंडी खाट आणि हवेची गादी घेऊन आले. या गादीचे कप्पे मोटरवर आळीपाळीने फुगतात आणि सैल पडतात, त्यामुळे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. तरीही कूस बदलावीच लागते, आणि ती कशी बदलावी हे गटातील एका निवृत्त परिचारिकेने आम्हाला करून दाखवले: पाठीखाली आडवी घडी घातलेली चादर सरकवायची, दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून माणसाला अलगद उचलायचे, ओढायचे मात्र नाही, कारण ओढल्याने कातडी घासते आणि जखमेची सुरुवात तिथेच होते. पुढे नाकात नळी घातल्यावर पेज देताना व दिल्यानंतरही काही वेळ डोके उंच ठेवायचे, हेही त्यांनीच आईकडून दोनदा करवून घेतले.

त्याखालोखाल उपयोगाची ठरली ती रात्रीची पाळी. आठवड्यातून दोन रात्री आळीतील दोघे जण दहा ते पाच वडिलांजवळ बसत आणि आईला सलग झोप मिळे. त्यांपैकी एक गृहस्थ पहाटे आमच्याकडचा चहा घेऊन तसेच मोगऱ्याच्या कळ्या खुडायला वाडीत जात. एवढ्या महिन्यांत त्यांनी सांत्वनाचे एक वाक्यही उच्चारले नाही, आणि मला तेच बरे वाटत असे.

रुग्णाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराचा, प्रसंग थोडा विस्ताराने सांगायला हवा. ‘फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस चालला’ ही समजूत आमच्याकडील जुन्या लोकांच्या मनात अजून घट्ट आहे, आणि वडिलांनी सुरुवातीला साफ नकार दिला. तेव्हा सहायक धर्मगुरू नुसतेच गप्पा मारायला आले. त्यांनी सांगितले की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५ मधील कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेनंतर) ‘अंतिम अभ्यंग’ हे नाव मागे पडले आणि १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने ठरवून दिला. तो मरणाऱ्यासाठी राखलेला नसून गंभीर आजारी माणसासाठी आहे, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही घेता येतो आणि आजार बळावल्यास पुन्हा देता येतो. बायबलमधील याकोबाच्या पत्राचा, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगणारा, पाचवा अध्यायही त्यांनी वाचून दाखवला. वडिलांना पटले ते मात्र वेगळ्याच कारणाने. ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणादिवशी, जो १९९३ पासून जागतिक रुग्णदिन म्हणूनही पाळला जातो, आपल्या चर्चमध्ये म्हातारी माणसे स्वतःच्या पायांनी चालत याच तेलासाठी रांगेत उभी राहतात, हे त्यांना आठवले. “मग त्या सगळ्यांना काय पोहोचवायला निघालो होतो आपण?” असे म्हणून ते स्वतःच हसले. जूनमध्ये त्यांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावले गेले, तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते आणि प्रार्थनेला आमच्या बरोबरीने उत्तरे देत होते.

दर रविवारी गटातील एक सेवक लहान गोल डबीतून ख्रिस्तप्रसाद (मिस्सातील पवित्र भाकर) आणत. गिळणे अवघड झाल्यावर ते कणभर तुकडा चमच्यातील पाण्याबरोबर देत. त्यापूर्वीचा एक तासाचा उपवास आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही लागू नसतो, हे आईला त्यांच्याकडूनच कळले. तोवर ती चहासुद्धा टाळत असे.

आता तक्रारी. पहिले दोन आठवडे संध्याकाळच्या जपमाळेला वीस-वीस माणसे येत, गीतांसह तासभर प्रार्थना चाले आणि थकलेले वडील भिडेखातर बसून राहत. ऑगस्टच्या पावसात, जेव्हा आम्हाला माणसांची खरी गरज होती, तेव्हा तिघेच उरले. भेटींचे वेळापत्रक गटाकडे नाही, ही मला या सेवेतील सर्वांत मोठी उणीव वाटते. दुसरी तक्रार गंभीर आहे: गटाबरोबर आलेल्या एका बाईंनी ‘श्रद्धा कमी पडते म्हणून गुण येत नाही, औषधे बंद करा’ असे आईला एकटीला गाठून सांगितले. धर्मसभेची शिकवण अशी मुळीच नाही. गटप्रमुखांनी घरी येऊन क्षमा मागितली, परंतु कोणाला आजाऱ्याच्या खोलीत न्यावे आणि तिथे काय बोलू नये, हे आधीच ठरलेले असायला हवे होते.

पाचपैकी चार तारे मी देईन. मदत मागताना ‘कधीही या’ असे म्हणू नका. वार, वेळ आणि माणसांची संख्या स्वतः सांगा, त्याचा कोणालाही राग येत नाही. आमची खाट आता पलीकडच्या आळीत गेली आहे. गादीच्या मोटरची नळी एका टोकाला चिरलेली असून आम्ही तिला चिकटपट्टी लावली होती. ती बदलून घ्यावी, असे कार्यालयात लिहून दिले आहे.