‘ख्रू’ व्हायचं की ‘एएलटी’? थायलंड आणि जपान, दोन बहिणींचा हिशोब

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणून कुणी विचारायला आलं की मी पहिला प्रश्न पगाराचा किंवा देशाचा विचारत नाही. मी विचारते, “शाळा कुठल्या माध्यमाची?” समोरचा जरा दुखावतो. पण आमच्या घरात दोन बहिणींची वाट याच प्रश्नाने फुटली.

मी सांगलीकडच्या मराठी शाळेतली, पुढे इंग्रजी घेऊन बी.ए., मग बी.एड. माझी मावसबहीण पुण्याची, बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात. बी.एड.चं नाव काढलं तरी तिला हसू येई. एकाच वर्षी दोघी निघालो. मी थायलंडच्या ईशान्येला, ईसानमध्ये, एका सरकारी शाळेत तीन वर्षं राहिले. ती जपानच्या निइगाता प्रांतात गेली. दर रविवारी फोन व्हायचा. तिचं घड्याळ माझ्या दोन तास पुढे, त्यामुळे मी चहा पीत असायचे आणि तिचा स्वयंपाक चाललेला असायचा. खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या फोनांतून जमलेलं आहे.

माध्यमाची अट

जपानी शाळांत परदेशी माणूस बहुधा ‘एएलटी’ म्हणजे सहायक भाषाशिक्षक म्हणून जातो. त्याला लागतो ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसा. जी भाषा शिकवणार, त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी त्याची अट आहे. तुम्हाला इंग्रजी किती चांगलं येतं, हा त्यात मुद्दाच नाही. इंग्रजी*तून* किती वर्षं शिकलात, हा आहे. मराठी शाळेतून दहावी, मग अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून, मग चार वर्षं इंजिनिअरिंग: झाली सहा. वर एम.टेक. केलंत तरी आठ. सेमी-इंग्रजीवाल्यांनी गणित-विज्ञानाच्या जोरावर फार आशा धरू नये, कारण शाळेच्या कागदावर माध्यम सहसा मराठीच असतं. मी माझी बोटं मोजली आणि जपानची फाइल बंद केली. बहिणीने शाळा आणि कॉलेज दोन्हीकडून ‘माध्यम इंग्रजी होतं’ असे दाखले आणले आणि तिचं काम झालं.

थायलंडचं गणित उलटं. तिथे कुणी माध्यम विचारलं नाही. पदवी पाहिजे, भारतीय असल्यामुळे टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण पाहिजेत, आणि शिकवण्याच्या परवान्यासाठी ‘खुरुसपा’ या शिक्षक परिषदेकडे जावं लागतं. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांना तिथे तात्पुरत्या परवान्यावर दिवस काढावे लागतात, तो संपत आला की पुन्हा धावपळ. इथे माझं बी.एड. कामी आलं. गावाकडे ज्या बी.एड.ला ‘आता जागा कुठे निघतात’ म्हणून लोक नाक मुरडत होते, ते परदेशात उपयोगी पडलं, याची मला अजून गंमत वाटते.

कोरियाचं विचारणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-2 व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यांत भारत नाही. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे शिक्षक पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत सहायक म्हणून जाण्याची वाट कागदावर उघडली. कागदावर, असं मी मुद्दाम म्हणते. तिच्यावर वर्ष घालवू नका.

पैसे

मला महिना 20 हजार बाट मिळायचे. त्याच शाळेत, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या इंग्लंडच्या मुलाला 35 हजार. त्याची पदवी भूगोलाची, शिकवण्याचा अनुभव शून्य, स्वभावाने मात्र सोन्यासारखा. थायलंडच्या जाहिरातींत ‘नेटिव्ह’ आणि ‘नॉन-नेटिव्ह’ असे दोन दर उघड छापलेले असतात आणि आपण दुसऱ्या रांगेत. अर्जावर फोटो मागतात, तो कशासाठी हे सांगायला नको. फिलिपिन्सचे शिक्षक ही रांग वर्षानुवर्षं सांभाळून आहेत. माझ्या शाळेत खरं काम त्यांच्याच जिवावर चालायचं.

खर्च मात्र थोडा. खोली साडेतीन हजार बाट, शाळेत जेवण जवळजवळ फुकट, बाहेर 50-60 बाटमध्ये पोट भरतं. महिन्याला सहा-सात हजार बाट मागे पडत. एका बाटचे अडीच-पावणेतीन रुपये धरा. गृहकर्ज फेडायला निघाला असाल तर ही नोकरी तुमची नाही.

बहिणीचा पगार 2 लाख 30 हजार येन, आणि शेजारच्या ऑस्ट्रेलियन मुलीलाही तेवढाच. पण बहीण कंपनीमार्फत गेलेली. शाळेची नोकर नाही, कंपनीने शाळेला पुरवलेली. तिच्या करारात आठवड्याचे तास 30 च्या आत बसवलेले होते, म्हणजे तेव्हा कंपनीला तिचा विमा आणि निवृत्तिवेतनाचा वाटा भरायला नको होता. ऑगस्टमध्ये शाळा बंद, तर पगारही निम्मा. पहिलं वर्ष तिला वाटलं, बरं चाललंय. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये रहिवासी कराचं पाकीट आलं. हा कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, साधारण दहा टक्के, म्हणून नव्या माणसाला पहिल्या वर्षी त्याचा पत्ताच नसतो. त्या रविवारी तिचा आवाज वेगळाच होता.

सरकारी ‘जेट’ योजनेतून गेलात तर चित्र फार बरं. 1987 पासून चालू असलेली ही योजना, आणि एप्रिल 2025 पासून पहिल्या वर्षाचं वेतन साधारण 40 लाख येनपर्यंत नेलंय. येनचे 55-60 पैसे धरून गुणाकार करा. करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. फक्त भारतातून निवड होते ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि नेमणूक कुठे मिळेल ते तुमच्या हातात नाही.

वर्ग कोणाचा?

पैशापेक्षा मी याला जास्त महत्त्व देईन.

थायलंडमध्ये पहिल्याच दिवशी मला 46 मुलांच्या वर्गात सोडलं आणि दार लावून घेतलं. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला 46 चं भय नसतं. पुस्तक कुठलं, परीक्षा कशी, मी ठरवायचं. सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, मग मुलं हात जोडून ‘वाइ’ करणार, ‘ख्रू’ म्हणून हाक मारणार. ‘ख्रू’ म्हणजे आपला गुरू, शब्दासकट. जूनमध्ये ‘वाइ ख्रू’चा समारंभ असतो. मुलं फुलांच्या रचना घेऊन गुडघ्यांवर चालत येतात आणि शिक्षकांपुढे वाकतात. गुरुपौर्णिमा बघत वाढलेल्या मला हे परकं वाटायला हवं होतं, उलट घरची आठवण येऊन डोळे भरले. शेजारचा इंग्लंडचा मुलगा मात्र अवघडून घामाघूम झाला होता.

वैताग दुसरा. तास कधी होईल याचा भरवसा नाही. खेळांचा दिवस, स्काउटचा दिवस, कुणी साहेब येणार म्हणून सजावट. मी वर्गात जायची आणि वर्ग रिकामा. विचारलं की ‘माइ पेन राय’, म्हणजे काही बिघडत नाही. नापास करायची सोय नाही. नापास झालेल्याची पुन्हा परीक्षा, तो पास होईपर्यंत, आणि ते काम शिक्षकाचंच. आपल्याकडच्या पूर्वीच्या आठवीपर्यंतच्या ढकलगाडीची सवय असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

जपानमध्ये सगळं घड्याळावर. 2020 पासून तिसरी-चौथीला वर्षाला 35 आणि पाचवी-सहावीला 70 तास इंग्रजी असतं. बहीण चार शाळांत फिरायची, पण प्रत्येक वर्गात मुख्य शिक्षक दुसराच कुणी. तिने उभं राहून म्हणायचं, “अ‍ॅपल.” मुलं म्हणणार, “आप्पुरु.” तिने पुन्हा म्हणायचं. ती स्वतःला टेपरेकॉर्डर म्हणायची, आणि असं म्हणणारी ती काही पहिली नाही. काही शिक्षकांनी तिला धडे आखू दिले. त्या दिवशी फोनवर ती थांबायचंच नाव घ्यायची नाही. बाकी दिवस दुपारी मुलांबरोबर जेवायचं, मग सगळ्यांनी मिळून शाळा झाडायची-पुसायची. हे झाडणं तिला फार आवडलं. पुण्यात घरी कधी केर काढला नसेल, ती गोष्ट वेगळी.

तुम्ही मुळात शिक्षक असाल, हातात खडू घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर एएलटीची नोकरी वर्षभरात टोचायला लागेल. शिकवण्याचा अनुभव नाही, नीटनेटक्या व्यवस्थेत राहून भाषा शिकायची आहे, तर तीच नोकरी बरी.

नोकरी सुटली तर

इथे जपान स्पष्ट पुढे आहे. थायलंडमध्ये व्हिसा आणि वर्क परमिट शाळेला बांधलेले. शाळा सुटली की व्हिसा सुटला, आणि सामान आवरायला मिळतात ते मोजके दिवस. शिवाय दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला ‘मी इथेच राहते’ हे कळवायचं. जपानमध्ये रहिवासाचा दर्जा तुमच्या नावावर असतो. नोकरी सुटली किंवा बदलली तर 14 दिवसांत कळवायचं, आणि तिथेच राहून दुसरी शोधायची. बहिणीने दुसऱ्या वर्षी तशी कंपनी बदलली. मला तीनही वर्षं शाळा बदलायचं धाडस झालं नाही, त्याचं कारण हेच.

आणि एक सांगायलाच हवं. 2023 च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय येऊ दिलं. तेव्हापासून ‘आधी फिरायला म्हणून या, मग इथे करू कागद’ म्हणणारे एजंट वाढले. थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय मुलांना म्यानमारच्या हद्दीतल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार घडलेत, परराष्ट्र मंत्रालयाने 2022 मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडून ‘नॉन-बी’, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा मिळाल्याशिवाय विमानात बसू नका.

ताट आणि थंडी

कोकणातला, मासे खाणारा माणूस थायलंडमध्ये आठ दिवसांत रुळतो. नारळ, चिंच, कोथिंबीर, हिरवी मिरची. शाकाहाऱ्याचे मात्र हाल. साध्या भाजीतही माशांचं पाणी, ‘नाम प्ला’. ईसानच्या पपईच्या कोशिंबिरीत तर आंबवलेल्या माशाचा रस, ज्याचा वास कपड्यांना लागतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘เจ’ असं दिसलं की तिथे शुद्ध शाकाहार, कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासासारखा. तो ‘जे’ शब्द पाठ करून जा.

जपानी भात चिकट आणि गोडसर, इंद्रायणी खाणाऱ्याला परका नाही. पण जवळजवळ प्रत्येक रश्शात सुकवलेल्या माशाचा ‘दाशी’. ‘मला चालत नाही, कारण अ‍ॅलर्जी आहे’ हे शाळेला कळतं. ‘मी खात नाही’ हे कळायला वेळ लागतो. बहीण घरून डबा नेऊ लागली. मसाला टोकियोच्या निशी-कासाईहून पार्सलने यायचा, तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे.

निइगाताचा बर्फ तिने सुरुवातीला फोटोंत पाठवला, नंतर पाठवेनाशी झाली. जपानी घरांना सगळीकडे उष्णता देणारी यंत्रणा नसते. रॉकेलचा हीटर एका खोलीत, बाकी घर फ्रिज. माझ्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे विदर्भ. त्याबद्दल मराठी वाचकाला काय सांगायचं.

आपण कोण असतो तिथे

थाई भाषेत आपल्याला ‘खेक’ म्हणतात. मूळ अर्थ पाहुणा. बोलणाऱ्याच्या मनात कधी प्रेम असतं, कधी नाक मुरडणं. काही पालकांना ‘खेक’ इंग्रजी शिकवते हे पटायचं नाही. मुलांना काही फरक पडायचा नाही. त्यांना माझ्यामुळे एकदम गणपतीची आठवण यायची. त्यांचा ‘फ्रा फिखनेत’ तोच, तिथल्या ललित कला खात्याच्या बोधचिन्हावरही तोच.

जपानमध्ये तोंडावर कुणी काही बोलत नाही. घर शोधताना मात्र कळतं. परदेशी म्हटल्यावर दोन घरमालक मागे फिरले, तेही खाली वाकून, नम्रपणे. तिथे वर चढता येत नाही असं नाही. आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पण त्यामागे कित्येक वर्षांचं जपानी आणि तिथलं नागरिकत्व आहे. एएलटीच्या जागेवरून तिथवर शिडी लावलेली नाही.

कधी हलायचं

थाई शाळा मेच्या मध्याला उघडतात आणि दुसरं सत्र नोव्हेंबरला. म्हणजे मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अर्ज. जपानचं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं, कंपन्या आदल्या शरदात माणसं शोधतात. जेटचे अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर निघतात आणि माणूस पोचतो पुढच्या जुलै-ऑगस्टला.

त्याआधी कपाटातून पदवी आणि पासपोर्ट काढून शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मध्ये एकीकडे वडील आणि दुसरीकडे नवरा, यात माझे साडेतीन महिने गेले. बहिणीच्या जपानी बँकेच्या अर्जात तर तिचं पूर्ण नाव चौकटीत मावलंच नाही.