स्वयंसेवी संस्थेचं ॲक्रिडिटेशन: आठ महिन्यांनंतर

आमच्या संस्थेला क्रेडिबिलिटी अलायन्सचं ॲक्रिडिटेशन, म्हणजे कारभार निकषांत बसतो असं प्रमाणपत्र, मिळून आठ महिने झाले आणि एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामाला निधी देणाऱ्या) विभागानं फाइल परत पाठवली. शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या न्यास नोंदवहीच्या, उताऱ्यावरची विश्वस्तांची नावं वार्षिक अहवालातल्या नावांशी जुळत नाहीत, एवढंच कारण. म्हणून हे सविस्तर लिहिलंय.

क्रेडिबिलिटी अलायन्स या स्वयंसेवी संस्थांना मानांकन देणाऱ्या संस्थेचे निकष चांगलेच आहेत. वर्षातून किमान दोन कार्यकारिणी बैठका, गणपूर्ती, इतिवृत्त सगळ्या सदस्यांना पाठवलेलं, लेखापरीक्षित हिशेब मागेल त्याला उपलब्ध. शिस्त लागते. पण उतारा आपला आपणच तपासायला हवा.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचा विश्वस्त बदलला की 1950 च्या कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवण्याचा अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. ठराव होतो, नवे विश्वस्त सह्या करू लागतात, बँकेतली नावंही बदलतात आणि अर्ज मात्र कुणी केलेलाच नसतो, हे सर्रास घडतं. मग विलंबमाफीचा अर्ज जोडा. आधीच्या बदलाचा निर्णय बाकी असेल तर पुढचाही त्याच्यामागे अडकतो. बैठकीची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, एवढं लागतं. गाडी अडते ती नोटीस पोचल्याच्या पुराव्यापाशी, कारण निरोप फोनवर गेलेला असतो. संस्थेच्या घटनेत नोटिशीची मुदत किती दिवसांची आहे तेही वाचून घ्या. मुदत पाळली नसेल तर ठरावावरच हरकत येते.

निकषांतल्या पगाराच्या तक्त्याबद्दलचं माझं मत मात्र बदललं. संस्थाप्रमुखाचं मानधन, सर्वाधिक पगाराचे तिघं, सर्वात कमी पगार आणि स्त्री-पुरुषांची पगारगटांनुसार संख्या, हे सगळं अहवालात छापायचं म्हटल्यावर सुरुवातीला ते नको तितकं उघडं वाटलं. आता वाटतं, अख्ख्या प्रक्रियेतली सर्वात मोलाची गोष्ट हीच. सर्वात कमी पगाराचा आकडा छापायचा म्हणजे वसतिगृहात दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंना महिन्याला किती मिळतात, हे कार्यकारिणीला बघावंच लागतं. इतर कुठल्याही कागदात तो आकडा 'आस्थापना खर्च' या एका ओळीत बुडून जातो.

कागदपत्रांचा व्याप कमी होईल ही अपेक्षा ठेवू नका. 12ए आणि 80जी या आयकराच्या नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, सीएसआर निधी घेण्यासाठीचा 1 एप्रिल 2021 पासून आलेला सीएसआर-1 नोंदणी फॉर्म, सगळं प्रत्येक देणगीदार नव्यानं मागतो. आयकर खात्याला देणग्यांचं विवरण देण्याच्या फॉर्म 10बीडीची 31 मे ही तारीख चुकली तर दिवसाला 200 रुपये विलंबशुल्क पडतंच, प्रमाणपत्र असो वा नसो. फायदा एवढाच की फाइल लावलेली असते, शोधाशोध होत नाही.

आणखी एक उणीव जाणवते. या निकषांचा भर कारभार आणि हिशेबांवर आहे. अमेरिकेत 1966 पासून पुनर्वसन आणि मानवी सेवा देणाऱ्या संस्थांना मानांकन देणाऱ्या सीएआरएफचे परीक्षक सेवा घेणाऱ्यांशीही बोलतात. आपल्याकडे मुलांच्या वसतिगृहाला किंवा वृद्धाश्रमाला पैसे देणाऱ्यानं नुसत्या प्रमाणपत्रावर भागवू नये. एकदा न सांगता जेवणाच्या वेळी जाऊन यावं.

अर्ज करायच्या आधी उताऱ्याची ताजी प्रत काढा. ती, इतिवृत्ताची वही, वार्षिक अहवाल आणि दर्पणवरची यादी शेजारी-शेजारी ठेवा. एक नाव जरी वेगळं निघालं तर आधी चेंज रिपोर्ट करा, ॲक्रिडिटेशनची फी त्यानंतर भरा.