टामियाचा टी-५५ए रणगाडा, १/३५ : किट कसं आहे आणि त्याचा आपला १९७१चा रणगाडा कसा करायचा

सरळ सांगते, ज्यांना पहिल्यांदाच किंवा बऱ्याच वर्षांनी प्लास्टिकचा रणगाडा जोडायचाय त्यांनी टामिया या जपानी कंपनीचा टी-५५ए डोळे झाकून घ्यावा. बॉक्सवरचा नंबर ३५२५७. किट काही नवीन नाही, २०००च्या दशकाच्या सुरुवातीचं आहे, नंतर मिनीआर्ट आणि टाकोम या कंपन्यांनी हाच रणगाडा जास्त तपशिलात काढला, मिनीआर्टच्या आतल्या इंजिनासकटच्या किटमध्ये तर हजाराच्या वर तुकडे येतात. पण हजार तुकडे बघून माणूस बॉक्स बंद करून कपाटावर ठेवून देतो, आणि टामियाचं किट शेवटपर्यंत पूर्ण होतं, मला हा फरक फार मोठा वाटतो.

मला चार हजारांच्या आसपास पडलं. गोव्यात मी जिथे जिथे विचारलं तिथे मिळालं नाही, म्हणून ऑनलाईन मागवलं. बॉक्स एका कोपऱ्याला चेपून फोंड्याला आला पण आतले तुकडे शाबूत होते. मागवताना दुकानदाराला बबल रॅप जास्त घाल म्हणून आधीच सांगून ठेवा, एवढंच.

१/३५ म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. खरा टी-५५ तोफेच्या नळीसकट ९ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण २६ सेंटिमीटरचं होतं, पुस्तकांच्या कपाटात आरामात राहतं. हा पस्तीसचा आकडा आला कुठून तर टामियाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तो मोटरवर चालणारा होता आणि त्याच्या पोटात बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, त्या मापाने बॉडी केली तर हिशेब १/३५च्या आसपास आला, आणि पुढे सगळ्या जगाने तेच माप धरलं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता जोडणीबद्दल. तुकडे गडद हिरव्या प्लास्टिकचे, कडा साफ, आणि एकमेकांत असे बसतात की पुट्टी जवळजवळ लागतच नाही. चाकांच्या आत पॉलिकॅप म्हणजे मऊ प्लास्टिकच्या टोप्या जातात त्यामुळे चाकं दाबून बसवता येतात आणि रंगवायला परत काढता येतात, नवशिक्याला याचा केवढा आधार होतो. गोंद त्यांचाच एक्स्ट्रा थिन घ्या, हिरव्या झाकणाची ४० मिलीची बाटली, झाकणातच ब्रश असतो. दोन तुकडे कोरडेच एकत्र धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, पातळ गोंद आपोआप फटीत ओढला जातो, प्लास्टिक किंचित वितळवतो आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. फेविक्विकने हे होत नाही, तो नुसता चिकटवतो. वास मात्र उग्र आहे, खिडकी उघडी ठेवूनच बसा, आणि घरात लहान मूल असेल तर बाटली उंचावर.

टरेटबद्दल, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या घुमटाबद्दल, थोडं जास्त लिहिते कारण या किटचं खरं कौतुक तिथे आहे. टी-५५चा टरेट ओतीव पोलादाचा, उलट्या वाडग्यासारखा गोल, आणि ओतीव काम गुळगुळीत नसतं, त्यावर बारीक खडबडीतपणा असतो. टामियाने तो साच्यातच दिलाय. म्हणून कृपा करून टरेटवर वॉटरपेपर मारून तो चकचकीत करू नका. जोडाच्या रेषा तेवढ्या घासा आणि घासलेल्या जागी एक्स्ट्रा थिन लावून जुन्या टूथब्रशने हलकेच टोचा, खडबडीतपणा परत येतो. हे पोत प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं असेल तर नगरचं रणगाडा म्युझियम गाठा, १९९४ साली आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने सुरू केलेलं. विमानं बघायला आपल्याकडे बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहेच, पण रणगाड्यांसाठी मला नगरइतकी चांगली जागा माहीत नाही. तिथल्या पॅटन या अमेरिकन रणगाड्याच्या ओतीव टरेटकडे उन्हात तिरकं बघा, पोलादावर सावल्या कशा पडतात ते एकदा डोळ्यात बसलं की घरी रंगवताना हात आपोआप तसा चालतो.

आता ट्रॅक. किटमध्ये ते लांब पट्ट्यासारखे येतात, टोकं जोडून चाकांवर चढवायचे. सोपं आहे. पण टी-५५ला वरच्या बाजूला ट्रॅक उचलून धरणारे छोटे रोलर नसतातच, पाच मोठी चाकं आणि बस, त्यामुळे खऱ्या रणगाड्यावर जड पोलादी ट्रॅक वरून सरळ चाकांच्या डोक्यावर लोळत असतो आणि दोन चाकांच्या मधे किंचित खाली झुकतो. पट्ट्याचा ट्रॅक ताणून बसवला की हे दिसत नाही आणि अख्खं मॉडेल खेळण्यासारखं वाटायला लागतं. उपाय सोपा आहे. ट्रॅक रंगवून झाला की चाकांच्या वरच्या बाजूला फेविक्विकचा अगदी छोटा थेंब, वरून ट्रॅक दाबायचा आणि मडगार्ड आणि ट्रॅकच्या मधे स्पंजचे तुकडे कोंबून रात्रभर तसाच सोडायचा, सकाळी स्पंज काढला की ट्रॅक चाकांवर बसलेला. पंखा चालू असू दे, कोंडलेल्या जागेत फेविक्विकची पांढरी वाफ रंगावर बसते. आणि पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त आहे ते बघून किट चुकलंय असं समजू नका, टी-५४ आणि टी-५५ची ओळखच ती आहे.

बॉक्समधून काढून सूचनांप्रमाणे जोडला तर हा रशियन रणगाडा होतो. चांगलाच होतो. पण आपण मराठी माणसं भारतात बसून हा जोडतोय आणि आपल्याच सैन्याने १९७१ला तो लढाईत वापरला, तर मग आपलाच का करू नये? आणि त्यासाठी जो बदल लागतो त्यामागे इतकी छान गोष्ट आहे की मी भाच्याला ती सांगितली तेव्हा तो ब्रश खाली ठेवून ऐकत बसला.

१९७१ला पाकिस्तानकडे टाइप ५९ होते, म्हणजे चिनी बनावटीचे, रशियन टी-५४ची नक्कल. आपल्याकडे टी-५४, टी-५५. लांबून, धुळीत, दुर्बिणीतून दोन्हीत फरक करणं महाकठीण, तोच गोल टरेट, तीच पाच चाकं, तशीच लांब नळी. आपल्याच माणसांनी आपल्याच रणगाड्यावर गोळा टाकायचा धोका. म्हणून आपल्या टी-५५च्या नळीवर मधोमध एक खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर बसवला. खरा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर म्हणजे नळीवरची ती जाडसर फुगी, गोळा सुटल्यावर नळीत राहिलेला धूर ती पुढच्या बाजूने बाहेर ओढते म्हणजे टरेटमधल्या माणसांच्या नाकातोंडात जात नाही. टी-५५वर ती अगदी नळीच्या टोकाशी असते, तर ब्रिटिश १०५ मिलिमीटर तोफेवर ती मागे, नळीच्या मधल्या भागात. मधे एक खोटी फुगी लावली की लांबूनच बाह्याकृती वेगळी दिसते आणि आपला कोण ते कळतं. एवढासा पत्रा, पण त्यावर जीव वाचतात.

मॉडेलवर हे करायला खर्च जवळजवळ नाहीच. नळी आधी नीट करून घ्या, जोडाची रेघ वॉटरपेपरने घासा, नळी फिरवत फिरवत, एकाच जागी घासलं तर ती चपटी होते. मग मधल्या भागावर पातळ प्लास्टिक शीटची किंवा जाड कागदाची पट्टी गुंडाळायची, दोन्ही टोकांना एम-सील लावून ओल्या बोटाने उतार द्यायचा. एम-सील कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, हाताने मळायचं, अर्धा तास काम करता येतं, नंतर दगड. जाडी किती ठेवायची ते १९७१चे फोटो समोर ठेवून ठरवा. खरी तोफ १०० मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलवर नळीचं तोंड ३ मिलिमीटरसुद्धा नाही, त्या हिशेबाने फुगी फार जाड केली तर लगेच डोळ्यात खुपते. त्याच एम-सीलची पातळ पोळी लाटून टरेटमागे ताडपत्रीची गुंडाळी पण करता येते, ती पण छान दिसते.

आमच्याकडे कोणी घरी आलं आणि कपाटात रणगाडा बघितला की हमखास विचारतात, एकसष्ट साली गोवा मुक्तीच्या वेळी बेतीला आलेले ते हेच का. नाही, हे नाहीत. १८ डिसेंबर १९६१च्या संध्याकाळी ७ लाइट कॅव्हलरीचे रणगाडे बेतीला मांडवीच्या काठाशी पोचले होते, समोर पणजी, आणि मधे नदी, पूल तेव्हा नव्हताच. टी-५५ आपल्या सैन्यात त्यानंतर आले. पण त्याच रेजिमेंटचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू आग्वाद किल्ल्यात अडकवलेल्या कैद्यांना सोडवायला गेले आणि तिथे मारले गेले, हे मी विचारणाऱ्यांना आवर्जून सांगते, कारण आग्वादला फोटो काढायला सगळे जातात आणि हे नाव फार थोड्यांना माहीत असतं.

रंग. इथे मात्र गोव्यातल्या लोकांनी बॉक्समधल्या सूचना सोडून माझं ऐका. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवाच ओली असते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे रंग कसा वाळणार. खास करून लॅकर क्लिअर कोट, म्हणजे शेवटी वरून मारायचा पारदर्शक थर, तो पावसात मारला की वर पांढरट धुकं येतं. कारण असं की थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. उपाय दोन. एक तर सावकाश उडणारं थिनर घ्या, मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर मिळतं त्यात रिटार्डर म्हणजे वाळणं लांबवणारा द्राव असतो, किंवा पावसाळ्यात लॅकरच्या वाटेला न जाता व्हॅलेहोचे पाण्यातले रंग ब्रशने लावा, पातळ करून दोन-तीन हात. एअरब्रश म्हणजे हवेने रंग फवारणारं यंत्र असेल तर कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप हवाच, तो नसेल तर मधेच पाण्याचा थेंब थुंकतो आणि अख्खी बाजू जाते. चवथीच्या आधी आमच्याकडे मूर्तिकार बल्ब लावून मूर्ती सुकवतात, तसा बल्ब लावायचा असेल तर चांगला हातभर लांब ठेवा, हे प्लास्टिक उष्णतेने मऊ पडतं आणि नळी वाकली तर सरळ होणं कठीण. रंगवलेले तुकडे सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवणं सगळ्यात बरं.

रंग गडद ऑलिव्ह हिरवा घ्या. टामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब मी पाया म्हणून वापरला, वरच्या सपाट भागांवर त्यातच थोडा पिवळसर रंग मिसळून हलका केला, म्हणजे ऊन लागून उडाल्यासारखा दिसतो. चाकांच्या रबराची कड रंगवायला सर्कलची स्टेन्सिल वापरा, शाळेच्या स्टेशनरीत मिळते, हाताने गोल रंगवत बसलात तर वैताग येईल.

आणि मातीचं ऐका. आपल्याकडची चिऱ्याची लाल माती लावायचा फार मोह होतो, अंगणातच पडलेली असते, कुटून गाळली की झालं. पण लावू नका. हे रणगाडे पंजाब-जम्मूच्या सपाट शेतांत आणि पूर्वेला बांगलादेशच्या नदीकाठच्या चिखलात लढले, तिथली माती करडी, पिवळट तपकिरी. ६३ कॅव्हलरीचे पूर्वेचे टी-५५ करायचे असतील तर ओला गडद चिखल चाकांच्या आत आणि मागच्या दात्यांच्या चाकाभोवती, वर कमी. पश्चिमेचे करायचे तर कोरडी फिकट धूळ सगळीकडे पण अगदी विरळ. डाव्या मडगार्डवर एक्झॉस्टचं तोंड आहे, तिथे काळी काजळी द्या, डिझेल इंजिन आहे, ती हवीच.

कमी काय आहे तर टरेटची झाकणं उघडी ठेवता येतात पण आत काहीच नाही, रिकामी पोकळी, म्हणून एकतर बंद चिकटवा नाहीतर वर माणूस उभा करा. टो केबल, म्हणजे अडकलेला रणगाडा ओढायची जाड दोरी, मी तांब्याच्या बारीक तारा पीळ देऊन केली, इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या वायरचं प्लास्टिक सोललं की आत तशाच तारा असतात, आणि ती प्लास्टिकच्या केबलपेक्षा कितीतरी खरी दिसते. आणि भारतीय डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, बॉक्समध्ये नाहीत. सैन्याच्या गाड्यांच्या नंबरच्या सुरुवातीला जो वर तोंड केलेला बाण असतो तो आणि पुढचे आकडे शून्य नंबरच्या ब्रशने हाताने काढावे लागतात, किंवा कोरा डिकल पेपर आणून छापून घ्यावे लागतात. पांढरा रंग साध्या प्रिंटरमधून छापला जात नाही हे आधी लक्षात घ्या, म्हणून मी हातानेच काढा म्हणेन, आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर सराव करून.