स्टाफ नर्स भरतीचा क्लास, 4 महिन्यांचा अनुभव

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत 3 वर्षं झाली, हातात 18 हजार येतात आणि नाईटला व्हेंटिलेटरचे 3 पेशंट एकटीवर असतात, म्हणून सरकारीची तयारी करायला हा क्लास लावला. शिकवणं खरंच छान आहे. मॅडम स्वतः वॉर्डात काम केलेल्या, ड्रिप रेटची गणितं फळ्यावर न मांडता हातात आयव्ही सेट धरून थेंब मोजायला लावतात, ते डोक्यात पक्कं बसतं.

पगाराची माहितीपण नीट देतात. महाराष्ट्रात स्टाफ नर्सचं बेसिक 35,400 पासून, एम्सला 44,900, वर डीए आणि एचआरए वेगळा. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या कमिटीने 2016 लाच म्हटलं होतं की 50 पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलनेही 20 हजारांच्या खाली देऊ नये, आमचं तर मोठं आहे तरी ही गत, ते ऐकून मला रडूच आलं खरं सांगते.

राग एकाच गोष्टीचा आला. एम्सच्या परीक्षेला बीएस्सी नर्सिंगवाल्यांना अनुभव लागत नाही पण जीएनएमला किमान 50 बेडच्या हॉस्पिटलचा 2 वर्षांचा अनुभव लागतो, हे अ‍ॅडमिशन घेतानाच सांगायला हवं होतं. आमच्या बॅचची एक मुलगी 30 बेडच्या नर्सिंग होममध्ये आहे, तिला फी भरल्यावर कळलं. अनुभवाच्या लेटरवर बेडची संख्या आधीच लिहून घ्या गं मुलींनो.